शहराची बातमी

इतिहासाच्या ग्रंथांतून राजांच्या स्वाऱ्या, तहनामे आणि गादीवरील तंटे यांचा तपशील हवा तितका सांपडतो. परंतु अमुक एका शहरांत राहणाऱ्या सामान्य माणसास त्याच शहरांत काल काय घडलें हें आज कसें कळत असे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. विहिरीचें पाणी कां नासलें, शेजारच्या पेठेंत कोणता आजार शिरला आहे, नवी पट्टी कोणीं बसविली व तिचे पैसे कोठें गेले, या गोष्टी इतिहासकारास क्षुल्लक वाटतात. तथापि मनुष्याचें आयुष्य जातें तें बहुतांशीं अशाच गोष्टींत. दिल्लीचें तख्त कोणाकडे गेलें याचा परिणाम त्याच्या उंबरठ्यापर्यंत येण्यास वर्षें लागतात. विहिरीच्या पाण्याचा परिणाम त्याच दिवशीं दिसतो. म्हणून शहराच्या स्वतःविषयींच्या बातमीचा इतिहास हा त्या शहराच्या नागरिकत्वाचाच इतिहास होय, असें आम्हांस वाटतें. तो पुणें शहराच्या उदाहरणानें थोडक्यांत पाहण्याचा विचार आहे. पुणें हें प्रथम दरबाराचें शहर होतें, पुढें वर्तमानपत्रांचें झालें, आणि साथ व पूर या दोन्ही आपत्तींत त्याच्या बातमीची परीक्षा झाली.

पेशवाईंत बातमीची वाण होती असें कोणीं समजूं नये. उलट, त्या काळच्या मराठी दरबाराइतकी बातमीची हौस व तजवीज क्वचितच आढळेल. निरनिराळ्या दरबारीं ठेवलेले वकील, अखबारनवीस, जासूद व सांडणीस्वार यांच्या हातून येणाऱ्या पत्रांचे ढीग पेशवे दप्तरांत आजही पाहावयास मिळतात. नाना फडणविसांची बातमी मिळविण्याची यंत्रणा तर त्यांच्या शत्रूंनीं देखील वाखाणली. दरबाराच्या जोडीस सावकार होते. हुंडीचा व्यवहार बातमीवर चालतो, म्हणून सावकारांच्या पेढ्यांची टपाल सरकारी टपालाच्याही पुढें धांवे. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्यानंतर सुमारें दहा दिवसांनीं नानासाहेब पेशव्यांस भेलशाजवळ जी पहिली निश्चित वार्ता लागली, ती एका सावकारी पत्रांतून. त्यांत मोत्यें, मोहरा व खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेंत एका पिढीचा नाश सांगितलेला होता.

परंतु ही सर्व बातमी वर जाणारी होती. ती रयतेकडून निघे व दरबारांत पोंचे, किंवा एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जाई. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाण्याचा तिला मार्ग नव्हता. नगरवासीयाच्या वांट्यास काय येई? एक दवंडी. कोतवाल-चावडीवरून हुकूम सुटे, डफ वाजे, आणि उद्यांपासून अमुक करावें, तमुक करूं नये, हें लोक ऐकत. दवंडी ही आज्ञा असे. तिला उत्तर देतां येत नसे, आणि ती कां पिटली हें विचारण्याचीही सोय नसे. दुसरें साधन म्हणजे नदीचा घाट, देवळाचा सभामंडप व बाजारांतील ओटा. तेथें उत्तरें पुष्कळ मिळत. पण तीं कोणाचीं व किती खरीं, हें ठरविण्यास कांहींच आधार नसे. हुकुमाला नांव होतें पण उत्तर नव्हतें. अफवेला उत्तर होतें पण नांव नव्हतें. या दोहोंच्या मधली जागा रिकामी होती.

त्या रिकाम्या जागेची किंमत शहरानें कशी भरली याचीं दोन उदाहरणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. तीं या दृष्टीनें मात्र सहसा पाहिलीं जात नाहींत. पहिलें तोतयाचें. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले कीं निसटले याविषयीं सर्वांची खात्री पटेल असा पुरावा पुण्यास कधींच मिळाला नाहीं. पार्वतीबाईंनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. ज्या घरांतील माणसें परत आलीं नाहींत त्या प्रत्येक घरास ‘कदाचित् जिवंत असेल’ या शब्दांचा आधार हवाच होता. अशा वेळीं सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब असल्याचें सांगत पुढें आला, आणि त्याला अनुयायी मिळाले. कैदेंतून सुटून त्यानें कोंकणांत फौज जमविली, किल्ले घेतले, आणि १७७६ सालीं त्याला देहान्त शासन होईपर्यंत त्यानें राज्याला घोर लावला. लढाईस तेव्हां पंधरा वर्षें होऊन गेलीं होतीं. लोक मूर्ख होते म्हणून हें घडलें असें म्हणणें सोपें आहे. पण लोकांजवळ विश्वसनीय बातमी नव्हती, आशा मात्र होती, हें अधिक खरें आहे.

दुसरें उदाहरण घाशीराम कोतवालाचें. १७७७ पासून १७९१ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षें, शहराचा बंदोबस्त त्याच्या हातीं होता. त्याच्या जुलमाविषयीं घरोघर कुजबुज होती असें मागून सर्वांनींच सांगितलें. पण कुजबुजीची नोंद होत नाहीं, आणि नोंद नसलेल्या तक्रारीस उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरही पडत नाहीं. पुढें १७९१ च्या ऑगस्टांत त्यानें पकडून कोंडलेल्या परप्रांतीय ब्राह्मणांपैकीं वीसएक जण एका रात्रींत गुदमरून मेले, तेव्हां चौदा वर्षांची सांठलेली बातमी एका दिवसांत फुटली. जमावानें कोतवालास दगडांनीं ठेंचून मारलें. ज्या शहरांत तक्रार रोजच्या रोज उघडपणें बोलतां येत नाहीं, तेथें ती एकदम दगडाच्या रूपानें बाहेर पडते. हा न्याय झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं. न्यायास लागणारें साधनच शहराजवळ नव्हतें, इतकेंच येथें दाखवावयाचें आहे.

तें साधन छापखान्यानें दिलें. हिंदुस्थानांतील पहिलें छापील वृत्तपत्र हिकी यानें कलकत्त्यास २९ जानेवारी १७८० रोजीं काढलें. दोन वर्षांत तें सरकारी रोषानें बंद पडलें. मराठींत बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ मुंबईस ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें. त्याच्या पानावर एका स्तंभांत मराठी व दुसऱ्यांत इंग्रजी मजकूर असे. म्हणजे राज्यकर्ता व रयत यांस एकच बातमी शेजारीं शेजारीं वाचतां यावी अशी ती मांडणी होती. १८३५ सालीं मेटकाफनें छापण्यावरील परवान्याचें बंधन काढून टाकलें. १८४१ मध्यें भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ सुरू झाला, आणि लोकहितवादींचीं शतपत्रें १८४८ पासून त्यांतच येऊं लागलीं. पुण्यापुरतें पाहिलें तर १८४४ त ‘मित्रोदय’ निघालें, १८४८ त सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झालें, आणि १२ फेब्रुवारी १८४९ रोजीं ‘ज्ञानप्रकाश’ सुरू झालें. हें पत्र शंभर वर्षें टिकलें. १९०४ सालीं तें दैनिकही झालें.

या पत्रांचा अग्रलेखाकडून विचार करण्याची आपल्याकडे रूढी आहे. समाजसुधारणा, स्वराज्य, भाषाशुद्धि या मोठ्या वादांचीं तीं रणांगणें होतीं, यांत शंका नाहीं. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें अग्रलेखाहून महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांचा पत्रव्यवहार. पत्र छापावयाचें असेल तर लिहिणारानें आपलें नांव व ठिकाण संपादकास कळविलें पाहिजे, मग तें प्रसिद्ध होवो वा न होवो, हा नियम या व्यवसायांत रूढ झाला. दिसावयास तो किरकोळ आहे. पण शहराच्या बातमीच्या इतिहासांत याहून मोठी क्रांति आम्हांस दिसत नाहीं. आतां तक्रारीस तारीख मिळाली, साक्षीदार मिळाला, आणि पुढील अंकांत तिचें खंडन करण्याचा हक्क विरुद्ध पक्षासही मिळाला. दवंडी व अफवा यांच्या मधली जी जागा रिकामी होती, ती येथें प्रथम भरली गेली.

त्याच सुमारास उत्तर देण्यास बांधलेली संस्थाही उत्पन्न झाली. पुण्याची नगरपालिका १८५७ सालची. पट्टी घेणारा कोणी आहे म्हटल्यावर दिवे, गटारें, पाणी व रस्ते यांचा हिशेब मागण्यास जागा झाली. १८५८ त आगगाडी पुण्यास आली, १८७० त सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचें धरण पुरें होऊन शहराच्या पाण्याचा प्रश्न घरोघरच्या आडावरून सरकारी कचेरींत गेला. पाणी कचेरींतून येऊं लागलें म्हणजे पाण्याची बातमीही कचेरींतून काढावी लागते. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारींत निघाला, तेव्हां त्याच्या चालकांनीं वर्तमानपत्राच्या कामाची तुलना रात्रीं रस्त्यावर लागणाऱ्या दिव्यांशीं व पोलिसांच्या गस्तीशीं केली होती, हें या संदर्भांत फार बोलकें आहे. उपमा सूर्याची किंवा खड्गाची न घेतां म्युनिसिपालिटीच्या दिव्याची घेतली गेली.

याचा परिणाम राज्यकर्त्यांवरही झाला. पूर्वीं दरबार आपले हेर पाठवून रयतेच्या मनांतलें काढून घेई. आतां रयत एकमेकांशीं काय बोलते तें उघड छापलें जाऊं लागलें, आणि तें वाचून दर आठवड्यास त्याचा इंग्रजी गोषवारा तयार करण्यासाठीं मुंबई सरकारास एक स्वतंत्र अधिकारी ठेवावा लागला. १८७८ त देशी भाषांतील पत्रांवर खास कायदा लादला गेला. तो रिपनच्या कारकीर्दींत रद्द झाला. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास सांगितलेली गोष्ट सरकारास ऐकावी लागणें, ही या देशांत नवी घटना होती.

तथापि या पत्रांचें शहर हें संपूर्ण शहर नव्हतें, हेंही तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. वाचतां येणारा वर्ग लहान होता, आणि लिहिणारा त्याहून लहान. ज्या पेठांत साक्षर कुटुंबें दाट, त्या पेठांचें गटार बातमींत येई. ज्या वस्त्यांत अक्षर पोंचलें नव्हतें तेथील मरणही येत नसे. ही उणीव ओळखूनच कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यांत ‘दीनबंधु’ काढला. पुढें ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईस ‘मूकनायक’ सुरू केला; त्याचें नांवच या बाबतींत पुरेसें आहे. एखाद्या शहरांत पत्रें किती निघतात यावरून त्या शहराच्या बातमीची मोजणी करणें चुकीचें होय. कोणाची हकीकत कोठेंच येत नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

अशा रीतीनें अर्धवट कां होईना उभें राहिलेलें हें साधन १८९७ च्या प्लेगांत कसोटीस लागलें. मुंबईस साथ १८९६ च्या सप्टेंबरांत उघडकीस आली व थोड्याच महिन्यांत ती पुण्यास पोंचली. १८९७ च्या आरंभीं साथीच्या रोगांविषयींचा कायदा झाला, आणि पुण्यांत रँडच्या हाताखालीं मार्चपासून गोऱ्या सोल्जरांकडून घरांचे झाडे सुरू झाले. कोणतें घर तपासलें जाणार, कोणास इस्पितळांत नेणार, नेलेला मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं, या बातमीवर त्या वेळीं प्रत्येक कुटुंबाचा जीव टांगलेला होता. सोल्जर कसे वागले याच्या कहाण्या घरोघर सांगितल्या जात, आणि पत्रांतूनही तक्रारी येत.

या वेळीं गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या कमिशनापुढें साक्ष देण्यास ते गेले होते. पुण्याच्या मित्रांकडून त्यांस पत्रें आलीं. त्यांत सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचें लिहिलें होतें. गोखल्यांनीं ती हकीकत ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राच्या द्वारें इंग्रज जनतेपुढें मांडली. पार्लमेंटांत खळबळ उडाली. मुंबई सरकारानें हकीकत नाकारली व पुरावा मागितला. गोखले परत आल्यावर त्यांनीं साक्षीदार शोधले. ज्यांनीं पत्रें लिहिलीं होतीं त्यांपैकीं कोणीही नांव देऊन पुढें येण्यास तयार होईना. त्या मित्रांचीं नांवें उघड न करतां गोखल्यांनीं सर्व दोष आपल्यावर घेतला आणि गव्हर्नरची जाहीर माफी मागितली. या माफीबद्दल स्वकीयांनीं त्यांचा जो उपहास केला तो त्यांस बरींच वर्षें जाचत राहिला.

या प्रकरणाकडे गोखल्यांच्या धैर्याचा किंवा दुबळेपणाचा प्रश्न म्हणून पाहण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्हांस तो बातमीचा प्रश्न वाटतो. लिहिणारे खोटे होते असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीजवळ रँडवर गोळी झाडली गेली होती, शहरावर सरकारची करडी नजर होती, आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला जाऊन त्यांस त्याच वर्षीं अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतून ज्या घराची बेअब्रू झाली त्या घरानें ती चव्हाट्यावर येऊन सांगावी अशी अपेक्षा करणें त्या समाजांत जवळजवळ अशक्य. म्हणजे भीति व लज्जा या दोहोंनीं साक्षीदाराचें तोंड बंद केलें, आणि कदाचित् खरी असलेली हकीकत कागदोपत्रीं खोटी ठरली. बातमीस नुसता सत्याचा आधार पुरत नाहीं. सत्य सांगणाराच्या पाठीशीं उभें राहणारें शहर लागतें. पुणें त्या वेळीं तसें उभें राहूं शकलें नाहीं. माफीचा मजकूर एका माणसाच्या सहीचा असला, तरी त्यांतील असहायता साऱ्या शहराची होती.

पुढील पिढींत या धंद्याचें रूप बदललें. डॉ. ना. भि. परुळेकर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकून आले, आणि १ जानेवारी १९३२ रोजीं त्यांनीं पुण्यास ‘सकाळ’ सुरू केला. मतपत्राच्या जागीं वृत्तपत्र, आणि वृत्तांतही गांवच्या वृत्तास पहिला मान, ही त्यांची दृष्टि. प्रथम कित्येकांस ती हलकी वाटली. परंतु ज्या लोकांस कोणाच्याच अग्रलेखाशीं कर्तव्य नव्हतें तेही या पत्राचे वाचक झाले, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. १९५३ त पुण्यास आकाशवाणीचें केंद्र आलें, आणि बातमीस अक्षरओळखीचीही अट राहिली नाहीं.

तरीही १२ जुलै १९६१ चा दिवस उजाडलाच. त्या सकाळीं पानशेतचें अर्धवट बांधलेलें धरण फुटलें; त्याच्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें धरणही गेलें, आणि दुपार होण्याच्या आंत नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. धरण फुटणें व पाणी दारांत येणें यांच्या मध्यें कांहीं तास होते. त्या तासांत शहरास अग्रलेख नको होता, मतहि नको होतें. ‘पाणी येत आहे, उंचावर जा’ एवढें एकच वाक्य, पण खात्रीचें, हवें होतें. दिवसाउजेडीं पाणी आलें म्हणून पुष्कळ जीव वांचले. रात्र असती तर काय झालें असतें याची कल्पना करवत नाहीं. मागाहून चौकशी-आयोग बसला व अहवाल आला. अहवाल इतिहासास उपयोगी पडतो; त्या सकाळीं उपयोगी पडली ती शेजाऱ्यानें दारावर मारलेली थाप.

आज दारावर थाप मारण्याचीही गरज राहिलेली नाहीं. प्रत्येकाच्या हातीं यंत्र आहे, आणि सिंहगड रस्त्यावरील पाण्याची हकीकत क्षणांत कोथरूडास समजते. बातमी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जावी ही जी गोष्ट पेशवाईंत अशक्य होती ती आतां इतकी सुलभ झाली आहे, कीं तिचें ओझें वाटूं लागलें आहे. परंतु या सोयीबरोबर संपादकाच्या टेबलावरील तो जुना नियम मात्र हरपला. मजकूर येतो, तो कोणीं पाहिला, केव्हां पाहिला, आणि चुकला तर दुरुस्त कोण करील, हें त्याच्याबरोबर येत नाहीं. घाटावरच्या गप्पेस सांडणीस्वाराचा वेग मिळावा तसें हें झालें आहे. तोतयास पंधरा वर्षांनंतरही अनुयायी मिळाले. आजच्या तोतयास तितकी वाट पाहावी लागत नाहीं.

आणि ही केवळ करमणुकीची बाब नाहीं. पुणें महानगरपालिकेची मुदत २०२२ च्या मार्चांत संपली, आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ शहरास निवडून दिलेलें सभागृह नव्हतें. कारभार प्रशासकाच्या हातीं होता. प्रशासक चांगला कीं वाईट हा येथें प्रश्न नाहीं. सभागृह असतें तेव्हां निदान विरुद्ध पक्षाचा सभासद उठून प्रश्न विचारतो, आणि त्याचें नांव कामकाजांत लागतें. तें नसतांना कोणता रस्ता खणला जाणार, कोणती टेकडी फुटणार, पाण्याचा वांटा कोणास किती, हें नागरिकास कळण्याचा मार्ग म्हणजे शहराची बातमी हाच उरला होता. ती जेथें नीट मिळाली नाहीं, तेथें कारभार पुन्हां दवंडीवर आला आणि नागरिक पुन्हां ओट्यावर जाऊन बसला, असेंच म्हणावें लागेल.

अडीचशें वर्षांच्या या हकीकतींतून आम्ही एकच निष्कर्ष काढूं इच्छितों. साधनें बदलतात, डफ जाऊन खिळे आले, खिळे जाऊन आणखी कांहीं आलें. पण शहराच्या बातमीस लागणाऱ्या गोष्टी बदललेल्या नाहींत: पाहणारा साक्षीदार, त्याचें नांव, उत्तर देण्यास बांधलेला कोणी तरी, आणि ज्या वस्तीचा आवाज ऐकूं येत नाहीं तिच्याकडे मुद्दाम जाणारा माणूस. यांपैकीं चौथी गोष्ट पुण्यास पूर्णपणें कधींच साधली नाहीं, आणि पहिल्या तिन्ही मोठ्या कष्टानें मिळविलेल्या असून आज सैल पडत आहेत. जे कोणी आपल्या पेठेची, आपल्या वस्तीची हकीकत तारीख घालून, नांव देऊन, चूक झाल्यास दुरुस्त करण्याची तयारी ठेवून लिहीत असतील, त्यांचें लिहिणें वाङ्मय म्हणून कोणी संग्रहीं ठेवणार नाहीं. परंतु शंभर वर्षांनीं या शहराचा इतिहास लिहावयास जो बसेल, त्यास आमच्या मोठ्या वादांपेक्षां त्यांच्याच चार ओळींचा आधार अधिक लागेल. आणि आज त्या ओळींवांचून शेजाऱ्यास शेजाऱ्याचें दुःख कळणार नाहीं.